चोरीला गेलेली फेरी

१

हार्लन स्टब्सने एडनाचा तक्ता तीनदा मोजला आणि तिन्ही वेळा आकडा आला नव्व्याण्णव.

खाली मैदानात वेंडेल प्रुइट आपल्या लाल गाडीच्या नाकावर उभा राहून लोकांना टोपी हलवून दाखवत होता. टॅलमॅजची शंभर फेऱ्यांची शर्यत त्यानेच जिंकली, हे अठरा हजार माणसांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. १९५७ सालच्या त्या मोसमात पाहण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. नऊ शर्यतींपैकी पाच वेंडेलच्या, उरलेल्या चार रॉय गॅल्व्हिनच्या. ही दहावी मारली की राष्ट्रीय विजेतेपद वेंडेलचं. मग ओहायोत ब्रॅकेनला होणारी शेवटची शर्यत झाली काय अन् न झाली काय.

"एडना," नोंदप्रमुख हार्लन हळूच म्हणाला, "तुझ्या तक्त्यात एक फेरी कमी आहे."

मी लुएला ब्रँट. त्या दिवशी नोंदीच्या माडीवर मी रॉयच्या एकवीस नंबरची नोंद करत होते, आणि एडना कोलार माझ्या उजव्या हाताला बसून वेंडेलच्या आठ नंबरची. प्रत्येक गाडीला आमच्यातली एक बाई असते. समोर मोठं घड्याळ. आपली गाडी रेषेवरून गेली की घड्याळ बघायचं आणि ती वेळ तक्त्याच्या पुढच्या चौकटीत लिहायची. गाडी, घड्याळ, कागद. दीड तास मान वर-खाली. झेंडेवाला आघाडीची गाडी गेली की आपल्या हातातलं यंत्र दाबतो, पण त्याने कुठली गाडी पाहून दाबलं हे कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून नियम असा, की शेवटी तक्ता म्हणेल ते खरं.

आणि तक्ता म्हणत होता: रॉय शंभर, वेंडेल नव्व्याण्णव.

रॉयच्या गाडीचा मालक क्लेमंट व्हॉस दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर आला. "मी सांगत नव्हतो? धुळीत कुणाला काय दिसलं? गेला असेल मधे कुठेतरी चष्मा बदलायला! मला लेखी आक्षेप नोंदवायचाय."

आक्षेप आला की तक्ते पेटीत बंद, संघटनेचा पंच येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. हार्लनने पेटीला कुलूप घातलं. मग नाइलाजाने एडनासमोर हात पुढे केला. तिने छातीवरचा बिल्ला काढून त्याच्या तळहातावर ठेवला. एकोणीस वर्षं होता तो तिथे. झग्याच्या त्या जागेचा रंग बाकीच्यापेक्षा गडद होता.

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. वेंडेल वर आला. तोंड धुळीने काळं, डोळ्यांभोवती चष्म्याची दोन पांढरी वर्तुळं. संतापला असेल असं वाटलं होतं, पण स्वारी हसत होती.

"मी एकही फेरी चुकवली नाही," तो म्हणाला. "आणि एडनाबाई चुकत नाहीत. म्हणजे तिसऱ्याच कोणाचं तरी हे काम आहे. शोधा त्याला. मी जेवून येतो."

२

पंच म्हणून एम्मेट क्वेल आले. सोमवारी सकाळी दहा वाजता जत्रेच्या मैदानातल्या गुरांच्या प्रदर्शनाच्या मांडवात त्यांनी टेबल मांडलं. लाकडाचा भुसा, गवताचा वास आणि भिंतीवर गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या बैलाचा फोटो. क्वेलसाहेबांनी एकतीस वर्षं रेल्वेत काढली होती. कुठली गाडी कुठे आहे हे कागदावर बघून त्यांना वाट द्यायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर संघटनेने त्यांना पंच केलं. कारण विचारलं तर म्हणायचे, "एकतीस वर्षांत माझ्या दोन गाड्या समोरासमोर आल्या नाहीत. इथे तर सगळ्या एकाच दिशेने जातात."

त्यांनी आधी एडनाला बोलावलं. तिला एकटीला जायला धीर होईना, म्हणून मी शेजारी बसले.

"चूक माझीच असेल, साहेब," एडना म्हणाली. "रात्रभर विचार करतेय. वय झालं. धूळ होती. डोळा लागला असेल एखाद्या क्षणी."

"किती वर्षं नोंद करताय?"

"एकोणीस."

"आधी कधी चुकलात?"

"नाही."

"मग कालचाच मुहूर्त का काढला?"

एडनाला हसावं की रडावं कळेना. क्वेलसाहेबांनी पेटीतून तिचा तक्ता काढून टेबलावर पसरला आणि वाकून नुसतं बघत राहिले. मग बोट थुंकीने ओलं केलं, खालच्या भागावर फिरवलं. बोट काळं झालं. मग दुसरं बोट ओलं करून वरच्या भागावर फिरवलं. ते जसंच्या तसं राहिलं.

"बाई, तुम्ही लिहिता कुठल्या हाताने?"

"डाव्या. या लुएलाला विचारा, माझं कोपर खाऊन खाऊन कंटाळलीय."

"दर शर्यतीला," मी म्हणाले. "उजवी बरगडी काळीनिळी होते माझी."

"डाव्या हाताने लिहिणारा माणूस नुकत्याच लिहिलेल्या ओळीवरून हात ओढत पुढे जातो. शिसपेन्सिल फासली जाते." क्वेलसाहेबांनी तक्ता आमच्याकडे वळवला. खालचा अर्धा भाग राखाडी, मळकट, धुळीने माखलेला. वरचा भाग शाळेच्या वहीसारखा स्वच्छ. दोन्हीमधली सीमा एकाच चौकटीपाशी होती.

"पहिल्या एक्कावन्न चौकटी," ते म्हणाले, "तुमच्या हातच्याच नाहीत."

३

एडनाच्या अंगातलं अवसान परत आलं ते मी पाहिलं. पाठ ताठ झाली. "बावन्न फेऱ्या झाल्यावर लाल निशाण लागलं होतं," ती म्हणाली. "धूळ इतकी, की चालकांना पुढची गाडी दिसेना. पाण्याच्या टाकीची गाडी आणून मैदान भिजवलं. पंचवीस मिनिटं सगळं थांबलेलं. आम्ही खाली चर्चच्या बायकांकडे ॲपल पाय खायला गेलो. तक्त्यांची पॅडं जागेवरच ठेवून."

"परत आल्यावर वेगळं काही वाटलं नाही?"

"गाड्या सुटायच्या घाईत होत्या, साहेब. पुढची रिकामी चौकट बघितली आणि लिहायला लागले. मागचं कोण वाचतो?"

म्हणजे त्या पंचवीस मिनिटांत कोणीतरी कोरा तक्ता घेऊन बावन्न फेऱ्यांच्या एक्कावन्न करून उतरवल्या आणि एडनाच्या पॅडला लावून ठेवल्या होत्या. कोरे तक्ते हार्लनच्या मागच्या खोलीत ढिगाने पडलेले असतात.

जिन्याशी शेरीफचा एक शिपाई उभा होता. तो म्हणाला, त्या वेळात चार माणसं वर गेली. हार्लन स्टब्स, क्लेमंट व्हॉस, लाइल बेक्टोल्ड.

"चौथा कोण?" क्वेलसाहेबांनी विचारलं.

शिपायाने माझ्याकडे बोट दाखवलं.

खरं होतं ते. माझा काळा चष्मा वर राहिला होता. तो घेऊन मी लगेच उतरले होते, पण 'लगेच' हे फक्त मलाच ठाऊक. आणि मी एकवीस नंबरची, म्हणजे ज्याचा फायदा झाला त्या गाडीची नोंद करणारी. एडनाने माझ्याकडे पाहिलं. एकदाच, आणि लगेच मान वळवली.

क्वेलसाहेबांनी चौघांना एकेक करून विचारलं. मला आधी.

"एकतिसाव्या फेरीला एक गाडी कुंपणावर आदळली, पिवळं निशाण लागलं. किती फेऱ्या चाललं ते?"

"सहा."

"तुमच्या तक्त्यावरून सांगताय?"

"डोक्यातून. तक्ता तुमच्या पेटीत आहे."

व्हॉस आला तो तावातावाने. "सहा! सहा फेऱ्या माझा रॉय त्या प्रुइटच्या शेपटीला नाक लावून रांगत होता, आणि मागे टाकायची परवानगी नाही! वर गेलो होतो, हो, पुन्हा सुरू करू नका म्हणून हार्लनला सांगायला. तो नव्हता. आलो तसा उतरलो." साहेबांनी एडनाचा तक्ता त्याच्यापुढे केला. त्याने चौकटी वरून खाली वाचायला सुरुवात केली. आमचा तक्ता डावीकडून उजवीकडे भरतात. पाचव्या चौकटीपाशी तो घोटाळला. "हे काय गौडबंगाल आहे? मी गाड्या विकत घेतो, कागद वाचायला माणसं ठेवतो."

हार्लनने तक्त्याकडे एकदा पाहिलं आणि हात झटकला. "पिवळं निशाण सहा फेऱ्या. पण एकटा तक्ता काय दाखवताय मला? शेजारच्या गाड्यांचे काढा, मग बोलू. काल लोक अंगावर आले, मी पेटी बंद केली. नाहीतर तेव्हाच काढले असते." तो कुठे होता त्या वेळी? झेंडेवाल्याच्या मनोऱ्यावर, बोलावणं आलं म्हणून. दहा-बारा मिनिटं.

शेवटी लाइल बेक्टोल्ड. ब्रॅकेनचं मैदान त्याचं. धंदा जनावरांच्या खाद्याचा, पण तो ट्रॅक त्याने स्वतः ट्रॅक्टरवर बसून बांधला होता. राष्ट्रीय शर्यत यंदा पहिल्यांदाच त्याच्याकडे होणार होती. ती नीट कशी भरवतात ते बघायला तो टॅलमॅजला आला होता. गोड माणूस. आम्हा सगळ्यांची नावं त्याला पाठ.

"हार्लनला लिंबाचं सरबत घेऊन गेलो होतो," तो म्हणाला. "गडी दुपारभर जागचा हलला नव्हता. भेटला नाही, ग्लास टेबलावर ठेवून आलो."

"नोंदीचं काम येतं तुम्हाला?"

"फार वर्षांपूर्वी भावाच्या गाडीची करायचो. छोट्या मैदानांवर. तीन मोसम."

"पिवळं निशाण किती फेऱ्या होतं काल?"

"पाच असेल. का हो?"

"काही नाही. मी नव्हतो ना काल."

तो गेल्यावर साहेबांनी टेबलावर पेन्सिल आपटली आणि आम्हाला विचारलं, "समजा, तुम्हाला एक आख्खी फेरी लपवायची आहे. कुठे लपवाल?"

४

दुपारी सगळ्यांना मांडवात बसवलं. व्हॉस, रॉय, हार्लन, बेक्टोल्ड, एडना, मी. वेंडेल उशिरा आला, हातात मक्याचं कणीस, आणि पहिल्या रांगेत पाय पसरून बसला.

"मैदानाची एक फेरी छत्तीस सेकंदांची," क्वेलसाहेबांनी सुरुवात केली. "तक्त्यातून एक चौकट नुसती गाळली तर मध्ये बहात्तर सेकंदांचं भगदाड पडतं. कुणालाही दिसेल. चोर शहाणा होता. जिथे फेऱ्या मुळातच मोठ्या आहेत तिथे त्याने हात मारला. पिवळ्या निशाणाखाली. तेव्हा सगळे हळू जातात. एक फेरी सत्तर सेकंद, सहा फेऱ्यांची झाली सात मिनिटं. तीच सात मिनिटं त्याने पाच चौकटींत वाटली, चौऱ्याऐंशी-चौऱ्याऐंशी सेकंदांची. भगदाड नाही, खाडाखोड नाही. एकटा हा तक्ता बघितला तर दोष सापडणार नाही."

त्यांनी माझा तक्ता एडनाच्या तक्त्याशेजारी ठेवला.

"पण मी रेल्वेचा माणूस. मी एका गाडीचा कागद कधी एकटा वाचला नाही. पिवळ्या निशाणाखाली कोणी कोणाला मागे टाकायचं नाही. म्हणजे एकेरी रूळच झाला तो. पुढे आठ नंबर, मागे नाक लावून एकवीस. मिस्टर व्हॉस स्वतःच म्हणाले. बरोबर?"

"बरोबर," व्हॉस गुरगुरला.

"निशाण लागतं तेव्हा आठ रेषेवरून जाते, एक सेकंदाने एकवीस. ठीक. पुढच्या वेळी एकवीस जाते सत्तर सेकंदांनी. आणि आठ, या कागदाप्रमाणे, चौऱ्याऐंशी सेकंदांनी. म्हणजे मागची गाडी तेरा सेकंद पुढे गेली! पुढल्या फेरीला सत्तावीस सेकंद पुढे. करता करता एक आख्खी फेरी पुढे. आणि सात मिनिटांनी निशाण उतरतं तेव्हा ती पुन्हा आठ नंबरच्या मागे, बरोबर एका सेकंदावर." त्यांनी वर पाहिलं. "रॉय, तू वेंडेलला पिवळ्या निशाणाखाली मागे टाकलंस का?"

रॉयने मालकाकडे पाहिलंही नाही. "नाही, साहेब. सहाच्या सहा फेऱ्या त्याच्या धुराड्याचा धूर खाल्ला मी. लाल निशाणापर्यंत पुढे तोच होता, आणि शेवटीही."

"तिसऱ्या गाडीचाही तक्ता बघितला. सहा. चौथीचा, सहा. बावीस गाड्यांपैकी एकट्या आठ नंबरला पाच."

व्हॉस कॉलर सैल करत म्हणाला, "मी आक्षेप घेतला तो नियमाने घेतला. कागद मी बदलला नाही."

"तुम्हाला तो सरळ वाचताही येत नाही. तुम्ही सुटलात. हार्लन स्टब्सने केला असता तर शेजारचे तक्ते काढा असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं नसतं. तो बावीसही कागद एकत्र वाचतो, ही फट त्याने आधी बुजवली असती. लुएलाबाईंच्या तर हातातच एकवीसचा तक्ता होता. त्यांना चोरी करायची असती तर दुसऱ्याचा कागद कशाला बदलतील, आपल्याच तक्त्यात एक फेरी वाढवली असती. स्वतःची पेन्सिल, स्वतःचा खोडरबर."

एडनाचा हात माझ्या हातावर आला. मी तो झटकला, मग पुन्हा धरला.

"म्हणजे हा माणूस असा, ज्याला एका गाडीचा तक्ता सफाईने लिहिता येतो, पण सगळ्या गाड्यांचे एकत्र वाचायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. भावाच्या गाडीची नोंद केलेला, बाकीच्यांच्या गाड्यांकडे न बघितलेला. आणि काल इथे ज्यांनी शर्यत पाहिली ते सगळे म्हणतात सहा. पाच म्हणतो फक्त हा कागद." ते थांबले. "आणि तुम्ही, मिस्टर बेक्टोल्ड."

५

बेक्टोल्ड उठला. आम्हाला वाटलं पळतोय. पण त्याने फक्त डोक्यावरची हॅट काढली, तिच्या आतल्या पट्टीत बोटं घातली आणि चार घड्या घातलेला एक कागद काढून एडनाच्या मांडीवर ठेवला.

तिचा तक्ता. राखाडी, फासलेला, धुळीने माखलेला. बावन्न चौकटी.

"जाळून का नाही टाकलास?" हार्लनने विचारलं.

"लिहिलेला तक्ता जाळवत नाही रे," बेक्टोल्ड म्हणाला. "पेपरात वाचलं होतं मी. हा वेंडेल म्हणाला, टॅलमॅजला काम झालं तर ब्रॅकेनच्या दिवशी मासे धरायला जाणार. चार वर्षं त्या मैदानावर माती ओढलीय मी. आमच्या गावाने रस्ते झाडलेत, शाळेच्या बँडने नवे कपडे शिवलेत. चॅम्पियन येणार म्हणून. खिताब इथेच ठरला असता तर कोण आलं असतं आमच्याकडे? मला वाटलं, एक फेरी. याने वर्षभरात हजार मारल्यात. एक गेली तर याला काय?"

"आणि मला?" एडना म्हणाली.

बेक्टोल्डने तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही.

"एकोणीस वर्षं, लाइल. माझा नवरा गेला त्याच्या पुढच्या रविवारी मी इथे येऊन बसले होते. रात्रभर मी स्वतःला म्हातारी, आंधळी, निकामी म्हणत पडले होते. तू फेरी वेंडेलची नाही चोरलीस."

तिने तक्ता उलगडला, मांडीवर सरळ केला आणि क्वेलसाहेबांकडे दिला.

निकाल लिहायला पाच मिनिटंही लागली नाहीत. शर्यत वेंडेलची, विजेतेपद वेंडेलचं. बेक्टोल्डला शर्यतीच्या कुठल्याही मैदानाच्या फाटकातून आत यायला जन्मभर बंदी. "आणि ब्रॅकेनची शर्यत," साहेब पेन्सिल उचलत म्हणाले, "रद्द."

"थांबा," वेंडेल म्हणाला.

त्याने कणीस खाली ठेवलं, हात पँटला पुसले. "गावाने काय केलं? बँडच्या पोरांनी काय केलं? शर्यत होऊ द्या. मी येतो."

"तुला गरज नाही आता. खिताब तुझा झाला."

"म्हणून तर. गरज असताना सगळेच येतात." मग तो रॉयकडे वळून हसला. "आणि या गड्याला शेवटचं एकदा हरवायचं राहिलंय."

"बघू की," रॉय म्हणाला. "माझी गाडी यंदा पहिल्यांदा नीट चालायला लागलीय."

"मला धूर खाताना दिसली ती."

सगळा मांडव हसला. अगदी व्हॉससुद्धा.

पंधरा दिवसांनी आम्ही ब्रॅकेनला गेलो. गाव लहान, पण मैदान खरोखर देखणं होतं. वळणं गुळगुळीत, कुंपणाला ताजा पांढरा रंग. बसायला जागा उरली नव्हती. लोक धान्याच्या गाड्या आणून त्यांच्या टपावर चढले होते. फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, लाइल बेक्टोल्ड आपल्या ट्रकच्या मागच्या फळीवर एकटा उभा होता. आपण बांधलेलं मैदान बाहेरून बघत. एडनाने त्याला पाहिलं. तिने हात केला नाही, पण नजरही फिरवली नाही.

तिच्या छातीवर बिल्ला होता. हार्लनने स्वतः लावला होता. पिन टोचली म्हणून शिव्या खात खात.

वेंडेल तिसऱ्याच फेरीला पुढे गेला तो गेलाच. रॉयने तीनदा पुढे घुसायचा प्रयत्न केला, तिन्ही वेळा वेंडेलने वळणावर आतली बाजू अशी बंद केली, की जणू दार लोटतोय. अर्ध्या शर्यतीनंतर मागे धूळ आणि पुढे रिकामा रस्ता. माझी मान वर-खाली, एडनाचं कोपर माझ्या बरगडीत. गाडी, घड्याळ, कागद.

शर्यत संपल्याचं काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं निशाण पडलं. बँडने जोरात सुरुवात केली, निम्मा सूर चुकीचा. वेंडेल विजेत्याच्या जागेकडे गेला नाही. तो सावकाश आमच्या माडीखाली आला, गाडी थांबवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि इंजिनाच्या आवाजावरून ओरडला, "एडनाबाई! किती झाल्या?"

"शंभर!"

"नक्की?"

"संशय असेल तर मार की आणखी एक!"

लोक टाळ्या पिटायला लागले. वेंडेलने चष्मा खाली ओढला, गाडी वळवली आणि एकटाच निघाला. मोकळ्या मैदानावर, पूर्ण वेगाने. रस्त्याच्या बाजूच्या वळणावर तर गाडी इतकी आडवी झाली, की पलीकडे ट्रकवर उभ्या माणसालाही ती नीट दिसली असेल.

एडनाने पेन्सिल कानामागे खोचली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ती फेरी नुसती बघितली.